निर्दोष सुटलेल्या माणसाचे दिवस कोण भरून देतं?

घाटमाथ्यावरचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही विट्याजवळचे. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर असतो, हे खानापूर, आटपाडी, तासगावच्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: जुनं सोनं-चांदी मुशीत गाळायचं, टंच काढायचा म्हणजे शुद्धता तपासायची, सराफाला परत द्यायचं. धाकट्या भावाचं परराज्यात एका तालुक्याच्या गावी असं दुकान होतं. २०१६ ला एका चोरानं पोलिसांना सांगितलं, माल इथं विकला. दुकानातली सोन्याची लगड, वजनकाटा, वह्या सगळं जप्त आणि भाऊ आत.

जामीन तसा लवकर मंजूर झाला होता. पण जामीनदार तिथलाच पाहिजे म्हणाले. आम्ही गावाकडचा सातबारा घेऊन गेलो, तो चालला नाही. परमुलखातल्या गलाईवाल्यासाठी तिथलं कोण उभं राहणार? सात महिने गेले. केस नऊ वर्षं चालली. गेल्या दिवाळीच्या आधी निकाल लागला, निर्दोष. ती लगड आपल्याच दागिन्यांची, हे फिर्यादीला कोर्टात सांगता आलं नाही. गाळलेल्या सोन्याला काय चेहरा असतो?

निकालानंतर भावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, आता पुढं काय असतं?" मला काही सांगता आलं नाही. म्हणून इथं विचारतो. परदेशात राहणारे बरेच जण आहेत इथं. तिकडं अशा सुटलेल्या माणसाला पुढं काय असतं?

कंदी_पेढा
रुमाल टाकून ठेवतो. निवांत वाचणार.

कोर्टाची_पायरी
दादा, वाचून वाईट वाटलं. साताऱ्यात ३१ वर्षं फौजदारी वकिली करतोय, त्यामुळं आधी घरचं सांगतो.

कारण नसताना कुणाला पोलिसांकडून अटक करवली, तर अटक करवणाऱ्यानं भरपाई द्यायची, असं कलम आपल्याकडं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३५८ होतं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ३९९. भरपाईची कमाल मर्यादा आहे १००० रुपये. हो, एक हजार. कायद्याचं नाव बदललं, कलमाचा आकडा बदलला, हजाराचा आकडा तसाच ठेवला.

बाकी सरकारनं द्यायची म्हणाल, तर असा सर्वसाधारण कायदाच नाही. घटनेचा आधार घेऊन वरच्या कोर्टात जावं लागतं. बिहारचा रुदुल साह १९६८ ला निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर पडला १९८२ ला. निकाल लागल्यावर १४ वर्षं आत! सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये त्याला सगळे मिळून ३५ हजार देवविले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले, अटक १९९४ ची. विधी आयोगानं २०१८ च्याच ऑगस्टमध्ये २७७ वा अहवाल दिला की चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा करा. अहवाल चांगला आहे, फडताळात आहे.

आणि जामीनदाराचं. मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आहे, १९७८ ची, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. जामीनदार भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून खालच्या कोर्टानं नाकारला होता. अय्यरांनी चांगलंच खडसावलं. तुमच्या भावाची हीच कथा, फक्त ३८ वर्षांनंतरची.

घाटमाथ्यावरचा
वकीलसाहेब, मोतीरामचं आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. आमच्या तिथल्या वकिलांनीसुद्धा.

भडंगवाला
लोकांना निर्दोषांची काळजी, आम्हाला दोषींची. तासगावकडची द्राक्षं परप्रांतीय व्यापाऱ्याला घातली, अर्धे पैसे रोख, अर्ध्याचा चेक. चेक परत आला, व्यापाऱ्याचा फोन बंद, गाळ्याला कुलूप. एकशे अडतीसची केस टाकली, सहावं वर्ष चालू आहे. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलीय, पण समन्स तरी पोचायला पाहिजे ना? मी म्हणतो आखाती देशांसारखं करा. चेक परत आला की थेट आत. बघा कसे सुतासारखे सरळ होतात.

आखातातला_माणदेशी
@भडंगवाला, मी १७ वर्षं दुबईत आहे. तुम्ही म्हणता तसंच होतं इथं, चेक परत गेला की थेट फौजदारी. पण आत कोण जायचं माहीत आहे? व्यापारी नाही. इथं वर्षभराच्या भाड्याचे चेक पुढच्या तारखांचे आधीच लिहून द्यायचे. कंपनीनं पगार थकवला की घरभाड्याचा चेक परत, की पोलीस. आमच्या खोलीतला एक पोरगा असाच ११ दिवस बसून आला. बुडवणारा मोठा मासा आदल्या रात्रीच्या विमानात. शेवटी २०२२ च्या जानेवारीपासून इथल्यांनीच कायदा बदलला. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेला चेक आता बहुतेक वेळा दिवाणी मामला.

दुसरं, झटपट न्याय परक्या भाषेत असला की फार झटपट वाटतो. कागद अरबीत, सही करा म्हणतात, करायची.

भडंगवाला
ठीक आहे, मासा विमानात बसला हे मान्य. आमचा मासा तर स्लीपर बसनं गेला.

फ्योर्डकाठचा_सांगलीकर
ओस्लोजवळ राहतो, मूळचा सांगलीच्या गावभागातला.

इथं जन्मठेप नाही. ठरावीक मुदतीची जास्तीत जास्त शिक्षा साधारण २१ वर्षं. २२ जुलै २०११ ला एकट्यानं ७७ माणसं मारणाऱ्या ब्रेइविकलाही २१ च, पण वेगळ्या प्रकारची: मुदत संपली आणि माणूस अजून धोकादायक वाटला तर पाच-पाच वर्षं वाढवता येते. २०१० ला सुरू झालेल्या हाल्डेनच्या तुरुंगात खिडक्यांना गज नाहीत, कैदी स्वतः स्वयंपाक करतात. बास्तोय नावाच्या बेटावर शेती करतात, गुरं राखतात. पहारेकऱ्याचं शिक्षण दोनेक वर्षांचं. यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्य काढून घेतलं हीच शिक्षा, वर आणखी छळ कशाला. उद्या हाच माणूस तुमच्या शेजारी राहायला येणार आहे.

भडंगवाला
७७ माणसं मारून स्वयंपाकघर? आमच्या वसतिगृहात खिडकीला गज होते आणि आमटीत डाळ नव्हती. आम्ही काय गुन्हा केला होता?

हळद_रुसली
हाहा, प्रवेश अर्ज कुठं मिळतो?

आटपाडीची_माहेरवाशीण
नॉर्वेला कशाला जायला पाहिजे? स्वतंत्रपूर सांगली जिल्ह्यात आहे, आमच्या आटपाडीत. १९३९ साली, औंध संस्थानात, इंग्रजांचं राज्य असताना काढलेला खुला तुरुंग. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी परवानगी दिली आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरनं तो उभा केला. कैदी बायकापोरांसह राहायचे, शेती करायचे, भिंत नाही, कुंपण नाही. आजही कारागृह खात्याची खुली वसाहत आहे तिथं. लहानपणी आमच्या आत्याकडं जाताना एसटीतून दिसायचं. आत्या सांगायची, "तिथली माणसं चांगली भाजी पिकवतात." कैदी हा शब्द तिनं वापरलेला मला आठवत नाही.

कंदी_पेढा
शांतारामबापूंनी सहा कैद्यांचा सिनेमा काढला, तो यावरूनच ना?

आटपाडीची_माहेरवाशीण
हो, 'दो आँखें बारह हाथ', १९५७ चा. कथा गदिमांची, तेही आमच्या माणदेशातलेच. बास्तोयचे माहितीपट सगळ्यांनी पाहिलेत, स्वतंत्रपूर सांगलीतल्या शंभरातल्या पाच जणांनी तरी बघितलंय का?

फ्योर्डकाठचा_सांगलीकर
लाज वाटली. गावभागात वाढलो, पण आटपाडीला एकदाही गेलो नाही.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. इथंही सगळं सोनं नाही. खटल्याआधी कोठडीत लोकांना एकांतात ठेवतात, यावरून युरोपची समिती नॉर्वेला वर्षानुवर्षं टोकतेय. आणि विग्गो क्रिस्तियानसेन नावाच्या माणसाला दोन मुलींच्या खुनासाठी पकडलं, वीस वर्षं आत ठेवलं. डीएनए पुन्हा तपासल्यावर २०२२ मध्ये निर्दोष ठरवलं. सरकारनं माफी मागितली आणि साडेपाच कोटी क्रोनर भरपाई दिली. चुकणं इथंही आहे. फरक एवढाच की निकाल पुन्हा उघडावा का, हे बघायला २००४ पासून वेगळा स्वतंत्र आयोग आहे. ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच दारात पुन्हा भीक मागावी लागत नाही.

वाईचा_ब्राह्मणशाही_पंखा
सगळे परदेशी दाखले. अहो, साताऱ्याशेजारच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे! ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला आणि साक्षात पेशवेपदावर बसलेल्या राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं. दाखवा असा न्यायाधीश कुठल्या देशात.

कोर्टाची_पायरी
रामशास्त्र्यांपुढं आमचंही डोकं टेकलेलं आहे. पण राघोबाला शिक्षा झाली का? नाही. शास्त्रीबुवाच पद सोडून निघून गेले. न्यायाधीश खमका होता, अंमल करणारं कुणी नव्हतं. निकालाचं पुढं काय, हाच तर घाटमाथ्याचा प्रश्न आहे.

कुंडलचा_नातू
मग अंमलबजावणी बघायची तर पत्री सरकार बघा. १९४३ ते ४६, तेव्हाचा सातारा जिल्हा, म्हणजे आजची सांगली त्यातच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायमंडळं गावोगाव बसायची. सावकारानं बळकावलेली जमीन, टाकलेली बायको, दरोडे, सगळ्याचा निवाडा चावडीवर. वकील नाही, तारीख नाही. आजोबा सांगायचे, गावगुंडाच्या तळव्यांवर काठ्या बसल्या की तो सहा महिने सरळ चालायचा. म्हणजे चालायचाच नाही.

भडंगवाला
हेच. हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

टोपपदरी
कुंडलचा_नातू, पत्री सरकारबद्दल आदर आहेच. आमच्याही घरातले भूमिगत होते. पण आजीनं सांगितलेली दुसरीही गोष्ट आहे. आमच्या गावातला एक जण फितूर म्हणून तळव्यांवर मार खाऊन आला. नंतर कळलं, फितूर दुसराच होता. तो बिचारा मरेपर्यंत लंगडत होता. त्याला काय भरपाई? स्वातंत्र्य मिळालं म्हणे.

कुंडलचा_नातू
युद्धाचे दिवस होते ते. आजच्या फूटपट्टीनं मोजू नका.

टोपपदरी
मोजत नाही. तो लंगडत होता एवढंच सांगितलं.

तोक्योतली_कराडकर
या वादात जपानचं सांगते, कारण 'झटपट' आणि 'पक्का' म्हणून लोक जपानचं नाव घेतात. इथं खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी दोषी ठरतो. ऐकायला भारी वाटतं. आतली गंमत अशी की आरोप ठेवण्याआधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, चौकशीला वकील शेजारी बसत नाही आणि कबुली देत नाही तोवर जामीन अवघड. इथलेच वकील याला 'ओलीस न्याय' म्हणतात.

इवाओ हाकामादा हे नाव शोधून वाचा. मुष्टियोद्धा होता, नंतर मिसोच्या कारखान्यात कामाला. १९६६ मध्ये मालकाच्या घरातल्या चौघांचा खून झाला, त्यात धरला. दिवसेंदिवस चौकशी करून कबुली घेतली, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. रक्ताचे कपडे म्हणे मिसोच्या टाकीत वर्षाहून जास्त काळ बुडून राहिले, तरी डाग लालच. २०१४ मध्ये सुटका, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये निर्दोष, आणि पुरावा बनावट होता असं कोर्टानंच म्हटलं. जपानमध्ये फाशी कधी हे त्या दिवशी सकाळी सांगतात. माणूस ४५ वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी दाराकडं कान लावून बसला. डोकं जायचं ते गेलंच. सगळी लढाई त्याच्या थोरल्या बहिणीनं लढली, निकालाला ती ९१ वर्षांची होती.

धाग्याच्या प्रश्नाला उत्तर: इथं कायदा आहे, कोठडीतल्या दर दिवसाला जास्तीत जास्त साडेबारा हजार येन. हाकामादांना २०२५ च्या मार्चमध्ये साधारण २१ कोटी ७० लाख येन मिळाले, आपले अंदाजे १२ कोटी रुपये. घेणारा तेव्हा ८९ वर्षांचा.

हळद_रुसली
मी मघाशी विनोद केला होता. आता काही सुचत नाही.

ह्यूस्टनची_मिरजकर
आमच्या टेक्सासात, चुकून आत टाकलेल्या माणसाला दर वर्षाला ८० हजार डॉलर, हा कायदा २००९ पासून. देशात चांगल्यांपैकी गणतात. पण राज्य बदललं की कायदा बदलतो, काही राज्यांत एक पैसाही नाही. आणि सिनेमात दिसतात तसे ज्युरीपुढचे खटले इथं फार थोडे होतात. दहातले नऊहून जास्त आरोपी सौदा करून गुन्हा कबूल करतात. सरकारी वकील सांगतो, "खटला लढलास तर वीस वर्षं, कबूल केलंस तर तीन." जामिनाला पैसे नसलेला गरीब माणूस काय करेल? घाटमाथ्यांच्या भावाला इथं सातव्या महिन्यात असा सौदा आला असता, आणि त्यानं सही केली असती तर नऊ वर्षं वाचली असती. पण चोर म्हणून.

घाटमाथ्यावरचा
ताई, तिथल्या एका हवालदारानं असं सुचवलं होतं. कबूल कर, काढलेले दिवस शिक्षेत धरतील, घरी जा. भाऊ म्हणाला, "मग गावात मूस कशी पेटवू?"

टपालहंशील
टपाल खात्यातून निवृत्त, मुक्काम सांगली. आमच्या धंद्यातलं विलायतेचं एक सांगतो. तिथल्या टपाल कार्यालयांत होरायझन नावाचं संगणकाचं हिशोबी यंत्र आणलं. ते तूट दाखवायचं, नसलेली. १९९९ ते २०१५ मध्ये ९०० हून जास्त पोस्टमास्तरांना चोर ठरवलं. बरेचसे खटले पोलिसांनी नाही, पोस्टानंच घातले, कारण तिथं खासगी फिर्यादीची मुभा आहे. फिर्यादी तेच, तपास त्यांचाच, यंत्र त्यांचंच. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट पुसाव्या लागल्या. ज्यांच्याकडून आपण कोर्ट शिकलो त्यांची ही तऱ्हा. आमच्या काळात पाच रुपये कमी पडले तर खिशातून घालून मोकळे व्हायचो, तोच शहाणपणा होता म्हणायचा.

श्टुटगार्टचा_बापू
जर्मनी: दर दिवसाला ७५ युरो. २०२० पर्यंत २५ च होते. धंद्याचं नुकसान वेगळं मागता येतं, पण कागदानिशी सिद्ध करायचं.

इंग्लंडचं अजून एक ऐका. भरपाई देताना तुरुंगातला राहण्या-जेवणाचा वाचलेला खर्च वजा करायची पद्धत होती. अँड्र्यू मॅल्किन्सन १७ वर्षं आत काढून २०२३ मध्ये निर्दोष सुटला, त्यानं आरडाओरडा केल्यावर ती बंद झाली.

भडंगवाला
थापा मारता राव. खानावळीचं बिल?

श्टुटगार्टचा_बापू
खानावळीचंच.

भडंगवाला
माझा व्यापारी सापडला पाहिजे हे अजूनही म्हणतो. पण हे जरा जास्तच झालं.

वाईचा_ब्राह्मणशाही_पंखा
अवांतर: फिनलंडमध्ये वाहनाच्या वेगाचा दंड पगाराच्या मापानं असतो म्हणे. २००२ मध्ये नोकियाच्या एका संचालकाला मोटरसायकल जोरात चालवली म्हणून १ लाख १६ हजार युरो लागले होते. सांगली-मिरज रस्त्यावर लावा.

हळद_रुसली
लावा की. साहेबांच्या चिरंजीवांचं उत्पन्न कागदावर शून्य निघेल, दंडापोटी पोलिसांनाच सुटे पैसे परत द्यावे लागतील.

टोपपदरी
अवांतर पुरे, मूळ प्रश्नाकडं येऊ. मला पैशांपेक्षा निकालातला शब्द महत्त्वाचा वाटतो. घाटमाथ्यावरचे, निकालात नेमकं काय आहे? 'संशयाचा फायदा देऊन' की नुसतं 'निर्दोष'? स्कॉटलंडमध्ये शेकडो वर्षं दोषी, निर्दोष आणि 'शाबीत नाही' असे तीन निकाल होते. सुटलेल्याला जन्मभर चिकटायचा तो तिसरा. २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं तो काढून टाकायचं ठरवलं. आपल्याकडं निकाल दोनच, पण गावकरी तिसरा आपापला देतातच.

घाटमाथ्यावरचा
शब्द 'संशयाचा फायदा' असाच आहे. गावात कुणी तोंडावर बोलत नाही. पण भाचीचं स्थळ परत गेलं तेव्हा कारण सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

सगळ्यांचं वाचून दाखवलं त्याला. हाकामादाच्या बहिणीचं दोनदा वाचायला लावलं. साडेपाच कोटी क्रोनर म्हणजे किती, ते विचारलं, मी मोबाईलवर काढून दाखवलं तर हसला. सरकारवर दावा वगैरे करायचा नाही म्हणतो. परत त्या राज्यात जायचं, वकील लावायचा, तारखा, नको. सध्या विट्यात दुसऱ्याच्या दुकानात टंच काढून देतो.

पण वकीलसाहेब, त्याचं एक विचारायचं होतं. जप्तीत वजनकाटा गेलाय. वडिलांचा होता, पितळी, कोचीनला घेतलेला. सोन्याचं राहू दे म्हणतो. काटा मिळेल का?

कोर्टाची_पायरी
मिळायला पाहिजे. निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल आहे ना? शेवटचं पान काढा, तिथं मुद्देमालाबद्दल आदेश असतो. 'अपिलाची मुदत संपल्यावर परत' असं बहुधा असेल. मुदत गेली असेल तर त्याच कोर्टात साधा अर्ज. मूळ पावती, नाहीतर काट्याचा जुना फोटो असेल तर जोडा. आणि सोनं कशाला सोडता? लगड त्याच्याच दुकानातून घेतली, फिर्यादीला ओळखता आली नाही, तर तीही मागा त्याच अर्जात. पानाचा फोटो निरोपातून पाठवा, मसुदा मी लिहून देतो. फी नको.

घाटमाथ्यावरचा
पाठवला. फोटोही सापडलाय, दुकानाच्या पूजेचा. काटा अर्धाच दिसतो, त्यावर हार आहे.

कोर्टाची_पायरी
चालेल.